आबांची इत्तिला

धारूरला आमच्या शेजारचे सखाहरीआबा उजाडता उजाडता माझी कडी वाजवत. मी धडपडत दार उघडावं, तर आबा गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "मास्तर, इत्तिला देतो. आमच्या भिंतीचा पोपडा निघालाय. मागून म्हनू नका, कळवलं न्हाई म्हनून."

"भिंत तुमची, आबा. मी काय करू?"

"करू नका काही. आयकून घ्या."

मोगलाईत 'इत्तिला', म्हणजे वर्दी, हा कचेरीतला शब्द. आबांनी तो चुलीपर्यंत आणला. दूध उतू गेलं, इत्तिला. मांजर रुसलं, इत्तिला. एकदा शिंक येणार असल्याचं कळवायला आले आणि ती माझ्या अंगावरच दिली.

या वेडाला थोडा मीही कारण. शाळा सांभाळून मी मुंबईच्या एका विमा कंपनीची एजंटकी करत होतो. माझं पहिलं आणि शेवटचं गिऱ्हाईक आबा. त्यांची तेलगावला कापसातली सरकी काढायची जिन होती, तिचा आगीचा विमा मी उतरवला. "नुकसान झाल्यास ताबडतोब कळवावे," ही अट मीच त्यांना वाचून दाखवली, ऐटीत, इंग्रजीतून. आबा म्हणाले, "लई झ्याक."

पुढं गंगूचं लग्न निघालं. आबांची एकुलती, आईवेगळी लेक. हळदीच्या दिवशी तेलगावहून गडी धापा टाकत आला: जिन जळाली! त्यानं पुढं काही बोलायच्या आत आबांनी त्याच्या तोंडात लाडू कोंबला. हळद लागलेल्या पोरीच्या कानावर वाईट बातमी जाऊ द्यायची नाही, अशी आमच्याकडची रीत. गंगू सासरी जाऊन मांडव उतरेपर्यंत आबा हसतमुखानं पंगती वाढत राहिले. विमा कंपनीचा एजंट त्याच पंगतीत बसून बुंदी मागून घेत होता.

मग कंपनीला कळवलं. साहेब बघायला येणार म्हटल्यावर आबांनी पाहुणचारात कसर ठेवली नाही. जळालेली जागा झाडून, शेणानं सारवून, वर रांगोळी घातली. साहेबानं विचारलं, "आग कुठे लागली होती?" आबांनी कौतुकानं रांगोळी दाखवली.

"उशिरा कळवलंत. आता तपासायचं काय?" साहेब म्हणाला.

मी मध्ये तोंड घातलं. "साहेब, मी कंपनीचाच माणूस. मी लग्नात हजर होतो!"

"म्हणजे तुम्हाला कळवलं होतं?"

"नाही. मला बुंदी वाढली होती."

विमा तिथंच बुडाला.

जिनीचं दुःख आबांनी गिळलं. पण गेवराईला गंगूला ही गोष्ट कळली ती सासूच्या टोमण्यातून. ती एकदाच माहेरी आली. "तुमची जिन जळत व्हती आन् मी हिरवा चुडा भरीत व्हते. समद्या गावाला ठाऊक, मलाच न्हाई. आबा, मी परकी झाले व्हय?" पाणीही न पिता गेली, ती पुन्हा आली नाही.

तेव्हापासून गेवराईकडे जाणाऱ्या एकेका गाडीवानाला आबा गाठत. "गंगूला म्हनावं, दारातला निंब फुललाय. म्हनावं, विहिरीला नवा दोर केलाय." उलट निरोप कधी येत नसे. संध्याकाळी आबा वेशीत उभे दिसत. विचारलं की म्हणत, "वारं खातोय." मला मिळायच्या त्या इत्तिला म्हणजे नुसता सराव होता.

गेल्या आठवड्यात त्यांची गाय व्याली. मला कळलं, गेवराईला कळलं. काल दिवेलागणीला गाडीवान परतला. मी आबांच्या ओट्यावरच होतो.

"आबा, ताई इचारीत व्हत्या, गोऱ्हा का कालवड? कावून न्हाई सांगितलं?"

आबांचा चेहरा पडला, मग उजळला, मग त्यांनी तो उपरण्यात लपवला. "राह्यलंच की," एवढंच बोलले आणि आत गेले.

आज सकाळी कडी वाजली नाही. मी आपणहून उठलो, बाहेर आलो आणि कशाला तरी अडखळून पालथा पडलो. दाव्याला. माझ्या अंगणात आबांची गाय बांधलेली, शेजारी तिची कालवड उभी. पलीकडं आबांच्या दाराला कुलूप, आणि गाडीची ताजी चाकोरी गेवराईच्या वाटेला लागलेली.

मला काडीचीही इत्तिला नव्हती.