गुंडूमामाची जातिवंत कुत्री

आमच्या अहमदपूरच्या बसस्टँडसमोर गुंडूमामाचं कटिंगचं दुकान हाय. तिथं गिऱ्हाईकाच्या गळ्याला वस्तरा लागला की मामा हळूच इचारतात, "कुत्रं पायजे का?"

आता तुमीच सांगा, गळ्यावर वस्तरा असताना कोणता माणूस मान हलवून न्हाई म्हणल? गिऱ्हाईक गप बसतंय. मामा तेलाच होकार धरतात. मंग खुर्चीमागच्या खोक्यातून एक पिल्लू निघतंय, आन माणूस गालाला तुरटी लावून, बगलंत पिल्लू घेऊन घरला जातंय.

मी शेजारीच पंक्चर काढतो. शाळंत मी बी गेल्तो, पण मास्तरांनी माझा आन मी मास्तरांचा नाद लवकरच सोडला. त्यामुळं समोरचा माणूस मला शिकवून राहिलाय का फसवून, हे मला अजून बी कळत न्हाई.

मला मामांनी दिलं ते 'निजामी बैठक्या'.

"ह्याचे खापरपणजोबा निजामाच्या ड्योढीवर व्हते," मामा म्हणले. "ही जात कुणासाठी उठत न्हाई. खानदानी अदब हाय ती."

मी लई खुश. निजामाच्या घरचं कुत्रं आन राखण माझ्या पंक्चरच्या दुकानाची! थोड्याच दिवसात चोर आला. पंप, पाने, जॅक, सगळं घेऊन गेला. बैठक्या उठला न्हाई. समोरच्या चहावाल्यानं लांबून बगितलं, पण कुत्रं भुंकलं न्हाई म्हणून तेला वाटलं मीच हाय. वर तेला असं बी वाटलं की आज गडी लई चपळाईनं काम करून राहिलाय.

मी तरातरा मामाकडं गेलो. मामा शांत. "मंग? सांगितलं नव्हतं? रक्तात हाय तेच्या."

मी माफी मागून आलो. गेलोच व्हतो म्हणून दाढी बी करून आलो.

'रक्तात हाय' म्हणलं की मामाचा विषय मिटला. कॉलेजातल्या सरांना तेनी 'देगलुरी तिभाषी' दिलं. देगलूरच्या सीमेवरची जात, म्हणून मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही समजतात. सर आता मराठीत 'बस' म्हणतात, तेलुगूत 'कूर्चो' म्हणतात, कन्नडात 'कूतको' म्हणतात. कुत्रं तिन्ही ऐकून घेतंय आन निघून जातंय. सर तक्रार घेऊन आले तर मामा म्हणले, "सर, समजतंय म्हणलो व्हतो. मानतंय कवा म्हणलो?"

सरांना पटलं. घरी पाहुणे आले की सर अजून बी तिन्ही भाषेत तेच्या मागं पळून दाखवतात.

आमच्या वार्डाच्या नगरसेवकाला 'लातुरी दुतोंड्या' मिळाला. हा येणाऱ्यापुढं बी शेपूट हलवतो, जाणाऱ्यापुढं बी. नगरसेवकानं तेचा वाढदिवस केला. चौकात बॅनर लावला. बॅनरवर कुत्र्याचा फोटो मोठा आन खाली कार्यकर्त्यांचे बारके बारके. मला बी फोटो द्या म्हणले व्हते. मी दिला. नीट बगितलं तर शेपटीच्या बुडाशी मी हाय.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. मार्केट यार्डामागच्या उकिरड्यावर बैठक्यासारखंच एक पिल्लू फिरायचं. मीच तेला दगड मारायचो. बैठक्या घरी आल्यापासून ते दिसना. पण निजामाच्या घरचं कुत्रं उकिरड्यावर कशाला जाईल, असं म्हणून मी डोकं जास्त चालवलं न्हाई.

मामाची सोताची एक कुत्री व्हती. काळी, म्हातारी, एक कान फाटलेला. दिवसभर दुकानाच्या पायरीवर पडून ऱ्हायची. कुणी इचारलं, "मामा, ही कोणत्या जातीची?" तर मामा म्हणायचे, "ही? गावठी." आन लगेच पाण्याचा फवारा इचारणाऱ्याच्या तोंडावर.

आता आले नाना. नाना म्हणजे खताच्या दुकानाचे मालक. नवा बंगला बांधला, मोठी गाडी घेतली, आता निस्तं कुत्र्यापायी अडलं व्हतं. नानाचा हिशेब सरळ व्हता. ज्या माणसानं गावाला असली असली कुत्री वाटली, तेनं सोतापाशी काय ठेवलं असल! आमी सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यात आधी मी.

त्या दिवशी सकाळी मी खुर्चीत व्हतो, तोंडाला साबण. मागं बाकड्यावर सर पेपर वाचत व्हते. नाना आले, संगं डायव्हर, डायव्हरच्या हातात नवा लाल पट्टा.

"मामा, ही द्या मला."

"नाना, ती गावठी हाय."

नाना हसले. "हे दुसऱ्याला सांगा."

"म्हातारी हाय हो. कान फाटलाय तिचा."

"फाटका कान हीच तर अस्सल जातीची खूण असती म्हणतात," मी खुर्चीतून म्हणलो. कोण म्हणतात ते मला ठाव न्हाई. साबणात असलं तरी माझं तोंड बंद ऱ्हात न्हाई.

डायव्हरनं पट्टा घातला. काळी निस्तं मामाकडं बगत ऱ्हायली. मामांनी वस्तरा खाली ठेवला.

"ऐका," मामा म्हणले. "सगळी गावठीच हायती. निजाम न्हाई, देगलूर न्हाई, काय न्हाई. समदी मार्केट यार्डामागची. गावठी म्हणलं की तुमी दगड मारता. खानदानी म्हणलं की गादी टाकता. म्हणून मी नावं ठेवली. आता करा माझं काय करायचं ते."

मंग सरांनी पेपर खाली केला.

"मामा, एका कुत्रीपायी इतकं खोटं बोलू नका. आमचं तेलुगूत भुंकतंय."

मला तर रागच आला. "बैठक्याची इज्जत कामून काढून राहिले, मामा? द्यायची नसल तर सरळ सांगा!"

मामांनी माझ्याकडं असं बगितलं की वस्तरा खाली ठेवलाय हे मी दोनदा तपासलं.

नाना म्हणले, "बरं, ऱ्हाऊ द्या ते. हिची खासियत काय, तेवढं सांगा. मंग बगू."

उकिरड्यावरच्या पिल्लावर अख्खी दाढी होईस्तोवर बोलणारा माणूस, पण ह्या डावाला तेनं एक बी जात काढली न्हाई. मामा पायरीवर जाऊन बसले, काळीजवळ. पट्टा तिला आवळत व्हता, त्यात बोट घालून सैल करत ऱ्हायले.

"खासियत कसली, नाना," मामा म्हणले. "मामी गेल्यापासून घरात मी आन ही. रातच्याला मला खोकल्याची उबळ येती. आली की ही दारातून उठून खाटंपाशी येऊन बसती. उबळ थांबली की जाती परत."

"आन?"

"आन काय न्हाई. तुमच्या घरी लई माणसं हायती. तुमाला तिचा काय उपेग?"

माझ्या गालावर साबण वाळून गेला व्हता, पण मी खाजवलं न्हाई. नानांनी डायव्हरला सांगितलं न्हाई, सोताच गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आन पट्टा सोडला. काळीच्या डोक्यावर हात फिरवायला गेले, पण मधीच हात मागं घेतला.

"एखादं पिल्लू घावलं तर मला सांगा," नाना म्हणले. "जात नसली तरी चालल."

मामांनी मान डोलवली.

नाना दारापर्यंत गेले आन थांबले. डायव्हर पुढं जाईस्तोवर थांबले.

"खोकला मला बी हाय, मामा," ते हळूच म्हणले.