निवडुंगाचं बाळंतपण

पुण्याला लेकीकडे निघताना वरच्या मजल्यावरच्या उमाकाकूंनी श्रेयाच्या एका हातात घराची किल्ली दिली आणि दुसऱ्या हातात कुंडी. दुसऱ्या हातात खरं तर तिचा लहानगा विशू होता. तो श्रेयाने कमरेवर सरकवला.

"ख्रिसमस कॅक्टस आहे. नाताळात फुलतो," काकू म्हणाल्या. "दिवेलागणीपासून सकाळपर्यंत मिट्ट काळोख हवा त्याला. दिवा त्याच्या नजरेलासुद्धा पडता कामा नये. माती वरून सुकली तरच पाणी. आणि एकदा कळ्या धरल्या की कुंडी तसूभर हलवायची नाही, सगळ्या गळतात. जमेल ना? नाही, तुझी तुळस पाहिली होती, म्हणून विचारते."

श्रेयाची तुळस विशूच्या पोटदुखीच्या दिवसांत वाळून गेली होती. तेव्हा काकू हसत हसत म्हणाल्या होत्या, "तुळस जगेना, आता बाळाचं काय करतेस बघू!" काकू हसल्या आणि विसरल्या. श्रेया हसली, पण विसरली नाही. त्यामुळे ती कुंडी हातात आली तेव्हा तिला ती कुंडी वाटलीच नाही. परीक्षेचा पेपर वाटला.

मागच्या खोलीत, विशूच्या पाळण्याशेजारच्या खिडकीत तिने कुंडी ठेवली. दिवसा ऊन, संध्याकाळी जाड पडदा आणि दिवा बंद. विशूला हा कायदा फारच मानवला. तो अंधार पडला की झोपू लागला आणि श्रेयाला कित्येक महिन्यांनी गरम चहा मिळू लागला.

दिवाळी झाली आणि बिडकीनहून सासूबाई आल्या. लक्ष्मीबाईंनी पिशवी ठेवली, नातवाचा मुका घेतला आणि सांज झाली तशी घरभर फिरून बटणं दाबली. मागची खोली लखलखली. श्रेयाने पोळी तव्यावर टाकून धावत जाऊन दिवा मालवला. लक्ष्मीबाईंनी देवाला उदबत्ती लावून पुन्हा लावला. श्रेयाने मालवला.

"बल्ब गेला का काय गं?"

"नाही आई, मीच बंद केला."

"दिवेलागणीला घरात अंधार? लक्ष्मी काय बॅटरी घेऊन यील व्हय?"

श्रेयाने झाड दाखवलं. लक्ष्मीबाईंनी ते खालून वरून न्याहाळलं. "ह्ये निवडुंग? काटे कुठं हायेत ह्याला? बिनकाट्याचं निवडुंग म्हंजी बिनमिशांचा पाटील. फसिवलं बघ तुला त्या बाईनं."

आता यांना 'प्रकाशाचा कालावधी' वगैरे कसं समजवायचं, या विचारात श्रेयाच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "आई, तिला दिवस राहायचेत. कळ्या धरायच्यात. म्हणून अंधार लागतो."

लक्ष्मीबाईंचा चेहरा एकदम बदलला. "अगं मग बाळंतपण म्हन की! काहून सांगितलं नाय आधी?"

आणि श्रेयाच्या हातून कारभार गेला.

सांज झाली की कुंडीवर लक्ष्मीबाईंचं जुनं मऊ लुगडं पडू लागलं. वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या बसल्या. श्रेयाचा नवरा इंद्रजीत कारखान्यातून येऊन चार्जर शोधायला मोबाइलची बॅटरी लावून आत शिरला, तर आईने त्याला मानगुटीला धरून बाहेर काढलं. "गड्यामाणसाचं काय काम हाय बाळंतिणीच्या खोलीत?" तिसऱ्या की चौथ्या दिवशी ओवा-शेपाची धुरी आली.

"आई, धुराने कळ्या धरणारच नाहीत!"

"मग दाराबाहेर देते. वास तरी लागू दे तिला. आन् अळिवाची खीर?"

"नको!"

"चमचाभर?"

"आई, झाड आहे ते!"

"हां, झाड तर झाड. जीव तर हायेच की."

समोरच्या भामाबाईंना धुरीचा वास न येता तर नवल. त्या सांजेला चाहूल घेत दारात आल्या. आत अंधार, दाराला चादर, पुढे शेगडी.

"कोण हाय हो आत?"

लक्ष्मीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. बाळंतीण हाय. निजली आत्ताच."

"अगं माय! कुणाची?"

"उमाताईंची," लक्ष्मीबाई अभिमानाने म्हणाल्या. "भरवशानं टाकून गेल्यात आमच्याकडं."

आता उमाकाकूंची लेक एकच, विशाखा. पुण्यात नोकरी करायची आणि तिचं लग्न व्हायचं होतं. भामाबाई डोळे विस्फारून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या सोसायटीने विशाखाला मनोमन क्षमा केली होती आणि संध्याकाळी भामाबाईंनी स्टीलचा डबा भरून डिंकाचे लाडू आणून दिले. शिवाय उमाकाकूंना फोनही केला. "लपवायचं काय त्यात, ताई? आजकाल चालतंय समदं. मुलगा का मुलगी?"

त्याच्या दुसऱ्या सकाळी उमाकाकू चिकलठाण्याला सोसायटीसमोर रिक्षातून उतरल्या त्या पदर खोचूनच.

"कुठे आहे माझी बाळंतीण लेक? माझी लेक पुण्यात माझ्यासमोर पोहे खात बसली होती!"

भामाबाई दारात, मागे जिन्यावर दोन-चार बायका. श्रेयाला वाटलं, गेलं. आता सोसायटी सोडावी लागणार, आणि झाडाचं काही बिनसलं असेल तर शहरसुद्धा. तिने काकूंना मागच्या खोलीत नेलं, कुंडीवरचं लुगडं ओढलं, पडदा सारला.

उन्हात निवडुंगाच्या एकेका टोकावर गुलाबी कळी होती. कुठे कुठे दोन. मोजायचं कुणाला सुचलंच नाही.

काकूंचा खोचलेला पदर आपोआप सुटला. "अगं बाई! माझ्याकडे एकदासुद्धा धरली नव्हती गं कळी."

"कशी धरंल?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "वर तुमच्याकडं सासरी होती ती. रातभर टीव्ही, रातभर दिवे. पयलं बाळंतपण माहेरातच करावं लागतंय."

भामाबाईंना सगळा उलगडा झाला आणि त्या तोंडाला पदर लावून खुदूखुदू हसू लागल्या. काकूंनीही हसून घेतलं आणि कुंडीकडे हात नेला. "बरं झालं बाई. नेते आता वर."

"हां हां! हात लावू नगा." लक्ष्मीबाई आडव्या आल्या. "सव्वा महिना उंबरा वलांडायचा नाय."

"अहो, पण झाड माझं आहे!"

श्रेयाने विशूला कडेवर सावरलं आणि अगदी गरीब आवाजात म्हणाली, "काकू, कळ्या धरल्या की तसूभरही हलवायचं नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

काकूंनी हात मागे घेतला. श्रेयाच्या कडेवरच्या गुटगुटीत विशूने त्यांचं नाक धरलं.

"सून तुमचीच हाय," लक्ष्मीबाई समजुतीने म्हणाल्या. "वटी भरून पाठवू. तवर येत जावा रोज बघायला. फकस्त, बाळंतीण बघायला रिकाम्या हातानं येत नसत्यात."

तेव्हापासून उमाकाकू रोज सकाळी खाली येतात, कधी शिरा, कधी खारीक-खोबऱ्याची वाटी घेऊन. फुलं उमलली त्या दिवशी तर साजूक तुपातला सांजा होता.

काकू परतल्या त्या संध्याकाळी श्रेयाने विचारलं होतं, "आई, आता भामाबाईंच्या एवढ्या लाडवांचं काय करायचं?"

लक्ष्मीबाईंनी डबा उघडून एक लाडू तिच्या हातावर ठेवला. "झाड काय लाडू खातंय व्हय? विशूच्या वक्ताला तू तुझ्या माहेरी होतीस. माझ्या हातनं तुझं करायचं राह्यलं हुतं. खा गुमान."

मग दाराशी जाऊन मागच्या खोलीचा दिवा त्यांनी आपल्या हाताने मालवला. "आन् जरा पड तिच्याशेजारी. पोराला मी बघते."