परक्याच्या पोराची बातमी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आणि यातलं निम्मं तर बायकोलाही नाही. माझी मुलगी इरा गेलं वर्षभर रीतसर शाळेत जाते. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, गळ्यात टाय. आणि मी, तिचा बाप, वर्षभर दर शनिवारी दुपारी झाशीच्या सीपरी बाज़ारात विमलअक्कांच्या घरी भरणाऱ्या, मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांच्या बैठकीत, मुलीला घरीच शिकवणारा पालक म्हणून बसतो. चहा पितो. माना डोलावतो. बायकोला वाटतं, मी अक्कांना पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळा झालो आणि आता नुसता त्यांच्या सोबतीला जातो. अक्कांना काय वाटतं ते पुढे येईलच.

विमलअक्का बैठकीत मांडीवर पितळेचं तबक आणि हातात उलथणं घेऊन बसतात. कुणी स्वतःच्या पोराचं कौतुक सुरू केलं रे केलं, की उलथणं तबकावर आदळतं. खाली पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. तो म्हणतो, शनिवारी त्याला मोटार चालू झाली की बंद पडली ते कळतच नाही. अक्कांच्या मंडळाचा नियम एकच: आपल्या पोराची बातमी आपण द्यायची नाही. परक्याच्या पोराची द्यायची.

"आपलं पोर आंधळ्यालाही दिसतं," अक्का म्हणतात. "दुसऱ्याचं बघायला शिका. समझे कि नहीं?"

'समझे कि नहीं' हे त्या रंगात आल्या की वाक्याच्या शेवटी येतं. झाशीत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या त्या. मराठी अशी, की कपाटाला अजून फडताळ म्हणतात आणि पुढच्याच श्वासात भाजीवाल्याशी बुंदेलीत भांडतात. सगळी नोकरी एका शाळेत गणित शिकवण्यात गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या त्या दिवसापासून शाळांच्या विरोधात गेल्या.

"मी जुनी जेलर आहे भैया," त्या सांगतात. "कुठली भिंत पोकळ आहे ते मला विचार."

टायला त्या गळफास म्हणतात. पालकसभेला जामिनाची तारीख. शाळेच्या बसला काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

मंडळात आम्ही तीन घरं होतो. बबीना छावणीतले एक सुभेदार, मूळचे सांगलीकडचे, त्यांना एक मुलगा. मिठाईवाले गुप्ताजी, त्यांना जुळे. गुप्ताजींना मराठी येत नाही, पण बैठक मराठीतच चालायची आणि ते प्रत्येक गोष्टीला "जी अक्का" म्हणायचे. आणि मी, सिंचन खात्यातला बाबू.

परक्याच्या पोराची बातमी द्यायची म्हटल्यावर आम्ही एकमेकांच्या पोरांवर पाळत ठेवायला लागलो. सुभेदारांची बातमी म्हणजे सीमेवरून आलेला अहवाल. "गुप्ताजींचा थोरला. संध्याकाळची वेळ. गच्चीवर, एकटा. पतंगाला दोऱ्याची कन्नी बांधत होता. चार वेळा तुटली, पाचव्यांदा टिकली. वारा पश्चिमेचा." गुप्ताजींना सगळीच मुलं होनहार वाटायची.

"सूबेदार साहब का बेटा बहुत होनहार है."

ठण्ण.

"होनहार ही बातमी नव्हे गुप्ताजी. काय केलं ते सांगा."

"जी अक्का. उसने हमारी दुकान पर छह लड्डू खाए."

"ही झाली बातमी," अक्का म्हणाल्या आणि सुभेदारांनी मान खाली घातली.

आठवड्यात एकदा अक्का सगळ्या पोरांना घेऊन कुठेतरी जायच्या. त्याला सहल म्हटलेलं त्यांना चालत नसे. "सहल शाळेची असते. आपण बाहेर पडतो." एकदा बाहेर पडून सगळे बसने चिरगाँवला गेले, मटार कसा लागतो ते बघायला. शेतकऱ्याला वाटलं, तोडणीला माणसं आली. त्याने पोरांच्या हाती टोपल्या दिल्या. अक्का बांधावर छत्री उघडून बसल्या आणि दुपारपर्यंत पोरांनी जितका मटार टोपलीत टाकला त्याहून जास्त खाल्ला. त्या शनिवारी तिन्ही घरांतून पोटदुखीच्याच बातम्या आल्या. अक्का म्हणाल्या, "कच्चा मटार पचत नाही. आता हे कुणी जन्मात विसरणार नाही. यात शाळेची गरज कुठे आली?"

इरा त्यांच्याकडे कशी आली तेही सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा नीट कळणार नाही. इरा तिसरीत असताना शाळेत जेवेनाशी झाली, मग बोलेनाशी. अक्षरं दिसली की रडायची. डॉक्टर म्हणाले, ठीक होईल. अक्का म्हणाल्या, "शाळेतून काढ आणि इकडे आण." पहिले काही महिने त्यांनी तिला काहीच शिकवलं नाही. दोघी मोटारवाल्याच्या दुकानाच्या पाटीपासून सुरुवात करून सीपरी बाज़ारातल्या पाट्या बघत फिरायच्या. अक्का मुद्दाम चुकीचं वाचायच्या. 'शुद्ध घी'ला 'शुद्ध घोडा'. एक दिवस इरा रस्त्यात थांबून म्हणाली, "अक्काआजी, तुम्हाला वाचता येत नाही का? थांबा, मी सांगते." माझी मुलगी अशी वाचायला लागली.

पुढे तीन वर्षं बरी गेली. मग एक दिवस जेवताना इरा म्हणाली, "बाबा, मला शाळेत जायचं आहे. मला रांगेत उभं राहायचं आहे." ज्या पोरीला आम्ही रांगेतून सोडवलं तिला रांग हवी होती. टायसुद्धा हवा होता. बायको तर वाटच बघत होती. मला मैत्रिणी हव्यात, असं इरा म्हणाली, तेव्हा मीही प्रवेशाचा अर्ज आणला. तिला पलीकडे, इलाइट चौराह्याजवळच्या एका शाळेत घातलं. अक्का सीपरीचा पूल ओलांडून सहसा येत नाहीत, हे मी शाळा निवडताना लक्षात घेतलं होतं. म्हणजे बघा.

त्या शनिवारी सांगायचं असं ठरवून गेलो. जिना चढलो, तर अक्का सुभेदारांना सांगत होत्या, "गुप्ताजी गेले. जुळ्यांना कानपूरला कोचिंगला घातलं. आता दोनच घरं उरली." त्यांच्या मांडीवर तबक होतं, पण त्यांनी ते उगाचच पदराने पुसायला घेतलं. मी बसलो आणि म्हणालो, "इराला जरा खोकला आहे. बाहेर पडायला यायची नाही."

तो खोकला वर्षभर टिकला. इतका चिवट खोकला बुंदेलखंडात कुणी पाहिला नसेल. अक्का दर शनिवारी अडुळशाचा काढा बाटलीत भरून द्यायच्या आणि म्हणायच्या, "केशवभैया, एक थेंब टाकू नको हं." आता घरी बायकोला काय सांगणार? मी पुलावर स्कूटर थांबवून तो प्यायचो. शत्रूवरही येऊ नये असली चव होती.

पण मला खरी धास्ती बातमीची होती. इराची बातमी मला देता यायची नाही, ती सुभेदारांनी द्यायची. आणि सुभेदारांना इरा आता दिसणारच नव्हती. पहिल्याच आठवड्यात ते घसा खाकरून म्हणाले, "निरीक्षण असं आहे, की..." तेवढ्यात अक्कांनी तबक वाजवलं.

"इराचं मी सांगते. या आठवड्यात तिने दोन मुलींचं भांडण मिटवलं. दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटलं."

मी गार पडलो. मग वाटलं, अक्कांचं वय झालं. दुसऱ्याच कुठल्या मुलीचं इराच्या नावावर सांगताहेत. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पुढच्या आठवड्यातही त्यांनीच सांगितलं. त्याच्या पुढच्याही. इरा सगळ्यांपुढे उभी राहून न अडखळता बोलली. इराला धावताना कुणी ढकललं, पण तिने रडू आवरलं. इराने आपला डबा दुसऱ्या एका मुलीला दिला आणि घरी सांगितलं नाही. त्या आठवड्यात बायको कुरकुरत होती, की पोरगी घरी आल्या आल्या डब्यावर तुटून पडते, हिला पुरत नाही की काय. माझ्या डोक्यात काही लागलं नाही. खोटं सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं खरं ऐकायला वेळ नसतो.

मग सुभेदारांची बदली झाली. जाताना त्यांनी अक्कांना सॅल्यूट ठोकला, आणि अक्का म्हणाल्या, "पोराला परक्याचं बघायची सवय राहू द्या." उरलो मी.

मागच्या शुक्रवारी चष्म्याच्या काचा बदलायला मी कचेरीतून लवकर निघून इलाइट चौराह्यावर गेलो. शाळा सुटली होती. समोर शिंगाड्याच्या गाडीपाशी काळी छत्री दिसली, आणि छत्रीखाली अक्का. त्यांच्यासमोर इरा, गणवेशात, गाल फुगवून शिंगाडे खात भराभरा काहीतरी सांगत होती. अक्का ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी हात पुढे केला आणि तिचा वाकडा झालेला टाय सरळ केला. गाठ जरा घट्ट केली. मी एका उभ्या टेम्पोमागे गेलो आणि दोघी दिसेनाशा होईपर्यंत तिथेच राहिलो.

घरी आल्यावर इराला गच्चीत नेलं.

"अक्का तुला भेटतात?"

"दर शुक्रवारी," ती म्हणाली. जशी काही दूधवाल्याची वेळ सांगत होती.

"त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच. शाळा सुरू व्हायच्या आधी, आईच्या फोनवरून. त्यांनी मला वाचायला शिकवलं ना. मग विचारायला नको?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, जा. पण पहिल्या बाकावर बसू नको, खडूची धूळ येते."

मी विचारलं, "आणि काढा?"

"तो तुमच्यासाठीच आहे. खोटं बोलून घसा बिघडतो म्हणाल्या."

"मला का नाही बोललीस?"

"त्या म्हणाल्या, बाबा स्वतःच सांगतील. मग कितीतरी दिवस झाले, तेव्हा मी विचारलं, मीच त्यांना सांगून टाकू का? तर म्हणाल्या, राहू दे. सांगून टाकलं की तो यायचा बंद होईल."

दुसऱ्या दिवशी शनिवार. स्कूटरवर वाक्य घोकत गेलो. अक्कांनी नेहमीची मोठी सतरंजी अंथरली होती, आम्हा दोघांसाठी. तबक मांडीवर होतं.

"बोल केशवभैया, परक्याचं काय पाहिलंस?"

मी तोंड उघडलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, उलथण्याच्या दांड्याकडे बघत होत्या, आणि दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"खालच्या मोटारवाल्याचा मुलगा," मी म्हणालो, "हात सोडून सायकल चालवायला शिकतोय. दोनदा पडला."

"छान," अक्का म्हणाल्या. त्यांची बोटं सैल झाली. "आता इराचं मी सांगते."

त्यांनी सांगितलं. सगळं खरं होतं, फक्त शाळा त्यातून उचलून बाजूला ठेवलेली. मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. निघताना त्यांनी बाटली हातात दिली आणि विचारलं, "पुढच्या शनिवारी येशील ना?" मी म्हणालो, येतो.

अक्का, इराला मी शाळेत घातलं आहे. एवढं एक वाक्य मी विमलअक्कांचं देणं लागतो, आणि ते सांगून झाल्यावर त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तो जिना चढणंही. दोन्ही अजून दिलेलं नाही.