पल्ल्याला चिकटलेली परात

कोकिळाबाई लेकीकडे पुसदला गेल्या आणि विठ्ठलरावांनी स्वयंपाकघरातल्या कपाटांना हात घातला. कापसाच्या जिनिंगच्या स्टोअरमध्ये उभा जन्म गेलेल्या माणसाला निवृत्तीत स्वस्थ बसवत नाही. फोडणीच्या वाफेने ओट्याखालच्या कपाटांच्या दारांचे सागवानी पल्ले इतके चिकटले होते की उघडायला पायाचा टेकू लागे. त्यांनी सगळे पल्ले काढले, सोड्याच्या पाण्याने घासले, पॉलिश पेपर मारला आणि अंगणात विटांवर आडवे टाकून वार्निश चढवलं. मग कपाट आतून पुसायला घेतलं.

अगदी मागे, भिंतीशी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं, तर परात निघाली. काठावर नाव घातलेलं होतं: सौ. कोकिळा.

विठ्ठलरावांनी नाव पुन्हा वाचलं. याच परातीपायी वर्षभर दोन घरांत बोलणं नव्हतं. शेजारच्या बेबीताईंनी ती कुरडयांसाठी नेली होती. त्या म्हणायच्या, परत दिली. कोकिळाबाईंनी नळावर चार बायांसमोर जाहीर केलं, "गिळली!" तेव्हापासून बेबीताईंचे यजमान घनश्याम आणि विठ्ठलराव यांची संध्याकाळची पानसुपारी बंद झाली. तीस वर्षांची दोस्ती परातीत बुडाली, आणि विठ्ठलरावांना ते मनापासून लागलं होतं.

परात उजेडात नीट पाहावी म्हणून ते अंगणात आले, तोच फाटक वाजलं. खुद्द बेबीताई! विठ्ठलरावांनी परात जवळच्या पल्ल्यावर उपडी घातली आणि तिच्यावर बसले.

"भाऊजी, कोकिळाताई नाही न घरी?"

"नाही. सांजच्या गाडीनं येते."

"म्हणूनच आली." बेबीताईंनी पदराखालून कोरी करकरीत परात काढली. काठावर ताजी अक्षरं: सौ. कोकिळा. "हे ठेवा. आमच्या माळ्यावर सापडली म्हना तिले."

"पन ताई, तुमी तं परत देल्ली होती!"

"देल्लीच होती. पन आमचे हे रोज सांजच्याले तुमच्या भिंतीकडं पाहत बसते. धड जेवत नाही. मी चोर तं चोर, पन घरं बोलती होऊ द्या."

विठ्ठलरावांचे डोळे भरले. खरं सांगायचं तर उठावं लागणार, आणि उठलं की बायकोची अब्रू उघडी पडणार. चहा विचारायचीही सोय नव्हती.

"बसा, उठू नका भाऊजी," म्हणत बेबीताई परात बाजेवर ठेवून गेल्या.

आता विठ्ठलराव उठले आणि परात उचलायला गेले, तर पल्लाही वर आला. ओल्या वार्निशात परात पक्की बसली होती. त्यांनी ओढलं, पिळलं, पल्ल्यावर पाय देऊन हिसडलं. याच अवस्थेत असताना पिशवी घेऊन कोकिळाबाई दारात उभ्या राहिल्या.

"अवो, हे काय करून राह्यले तुमी?"

विठ्ठलरावांनी सगळं सांगितलं. कोकिळाबाईंनी बाजेवरची परात पाहिली, पल्ल्यावरची पाहिली आणि पायरीवर बसल्या.

"दसऱ्याच्या सफाईतच सापडली होती," त्या म्हणाल्या. "मीच ठेवली आन् मीच भुलली. पन साऱ्या गल्लीत बोंबलून बसली होती. कोणत्या तोंडानं सांगू?" आणि त्यांना रडू कोसळलं.

रडून झाल्यावर त्यांनी कढई चढवली. भांडं रिकामं परत देऊ नये. नवी परात भज्यांनी भरून त्या स्वतः बेबीताईंच्या दारी गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते विठ्ठलरावांना कळलं नाही, कारण घनश्यामने त्यांना हात धरून पानाला ओढून नेलं होतं. कोकिळाबाई मात्र मोकळ्या हातांनी परतल्या.

जुनी परात निघाली, पण पल्ल्यावर तिचा गोल डाग राहिला तो राहिलाच.

हल्ली बेबीताईंच्या दारच्या ओट्यावर कोकिळाबाईंच्या नावाची परात सगळ्या गल्लीला दिसते. "तुमी खरंच सांगत होत्या," नळावर बाया म्हणतात.

"नाही वं, ते मीच देल्ली तिले! चूक माहीच होती!" कोकिळाबाई जीव तोडून सांगतात.

"पाहा, मन किती मोठं," बाया आपसात बोलतात. "अजून चोरी झाकून राह्यली बिचारी."

आणि मागे रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या बेबीताई तोंडाला पदर लावून हसत असतात.