चिखल कोणाच्या मालकीचा?

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. तळ्यातलं पाणी सरकारचं होतं. सरकार म्हणजे वाघ. तळ्याचा काठ कंपनीचा होता. कंपनी म्हणजे मुंगूसशेठ. पाणी आणि काठ यांच्या मधे चिखल होता. तो कोणाचाच नव्हता, कारण तो कोणालाच नको होता.

त्या चिखलात एके सकाळी झिपरू रुतला.

झिपरू म्हणजे कोंडाबाई सांबरिणीचं पाडस. पाणी प्यायला म्हणून गेला आणि पोटापर्यंत आत गेला.

"आई, माझे पाय कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"आहेत रे, खालीच आहेत. हलू नकोस," कोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज मात्र हलत होता.

ती पुढं झाली तर तिचेही खूर घसरायला लागले. तेवढ्यात हुप्पाजी वानर मदतीला आला. फांदीला लोंबकळत तो खाली उतरला, एक जाड वेल झिपरूच्या छातीभोवती गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक काठावर आणून दिलं. आता चारचौघांनी मिळून ओढायचं तेवढं राहिलं. काठावर तर निम्मं जंगल जमलं होतं.

"ओढा की!" कोंडाबाई म्हणाली.

"ओढतो," हुप्पाजी म्हणाला. "पण वहिनी, कुठल्या नात्यानं ओढू? सरकारी हुकमानं, कंपनीच्या वतीनं, की आपल्या मर्जीनं? नंतर भानगड नको."

सगळ्यांना हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. मुलांनो, प्रश्न महत्त्वाचा वाटला की सभा भरते. सभा भरली.

सभेला स्वतः वाघमहाराज आले. सभा चालू असताना महाराज कोणाला खात नसत. तसा नियमच होता. त्यामुळे प्रजेला सभा फार आवडत आणि त्या लवकर संपत नसत.

महाराज सहसा बोलत नसत. त्यांच्या वतीनं दिवाण तरस बोलायचे.

"सरकार असताना काळजी कसली?" दिवाण म्हणाले. "महाराजांचा हुकूम आहे. चिखलानं झिपरूला ताबडतोब सोडावं."

सगळे चिखलाकडे बघू लागले. चिखलानं एक बुडबुडा सोडला. झिपरू आणखी थोडा आत गेला.

"राजद्रोह!" दिवाण ओरडले. "या चिखलाला अटक करा!"

रानकुत्री धावली आणि चिखलाभोवती पहारा देत उभी राहिली. अटकेतल्या आरोपीला कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी कोंडाबाईला बजावलं.

"पण माझं पोर त्यात आहे!" कोंडाबाई म्हणाली.

"मग तो साक्षीदार," रानकुत्रा म्हणाला. "त्यालाही जागेवरून हलता येणार नाही."

आता मुंगूसशेठ पुढं आले. त्यांचं बोलणं नेहमी गोड असे.

"कोंडाबाई, सरकारचं हे असंच असतं. आमची कंपनी तुमच्या लेकराला चुटकीसरशी बाहेर काढेल. फक्त हा चिखल आमच्या नावावर व्हायला हवा."

"घ्या हो चिखल! पण काढणार कसं?"

"अगदी सोपं. चिखल आमचा झाला, की तुमचा झिपरू आमच्या जागेत विनापरवानगी घुसलेला ठरतो. मग आम्ही त्याला हाकलून देऊ. हाकलणं म्हणजे बाहेर काढणंच की!"

"आणि नाही निघाला तर?"

"तर जागा अडवल्याबद्दल खटला भरू. सेवेत आम्ही कसूर करत नाही."

गर्दीतून काहींनी टाळ्या वाजवल्या. झिपरू तेव्हा छातीपर्यंत आत होता. त्यालाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या असतील, पण पाय मोकळे नव्हते.

तेवढ्यात काटे खळखळवत भाई साळिंदर उभे राहिले.

भाई अराजकवादी होते. राजा नको, कायदा नको, मालक नको, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं वागावं. मर्जी कशी असावी, ते भाई समजावून सांगत. त्यांच्या संघटनेला अध्यक्ष नव्हता. अध्यक्ष नसावा, हे ज्याला पटत नसे त्याला भाई संघटनेतून काढून टाकत.

"बांधवांनो," भाई म्हणाले, "पाणी सरकारनं बळकावलं. काठ कंपनीनं गिळला. या जंगलात मोकळी जमीन उरली ती एवढीच, हा चिखल! आणि त्यात ठामपणे उभा असलेला झिपरू हा आपल्यातला पहिला स्वतंत्र प्राणी आहे!"

"मला बाहेर यायचंय," झिपरू म्हणाला.

"ऐकलंत? गुलामीची सवय अशी असते!"

कोंडाबाईनं भाईंसमोर पाय जोडले. "भाई, तुम्ही कोणाला बांधील नाही. तुम्ही तरी वेल ओढा."

भाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मनानं वाईट नव्हते. "बाई, मी आत्ता ओढणारच होतो, अगदी स्वतःच्या मर्जीनं. पण तुम्ही 'ओढा' म्हणालात. हा आदेश झाला. आता ओढलं तर मी आदेश पाळला असं होईल."

"बरं बाबा, मग नका ओढू!"

"हाही आदेशच," भाई कळवळून म्हणाले आणि डोकं धरून खाली बसले.

ऊन चढलं. चिखल झिपरूच्या मानेपर्यंत आला. कोंडाबाईनं वेलीचं टोक दातांत धरलं आणि एकटीच मागं खेचू लागली. तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. झिपरू आणखी खाली जायचा थांबला, पण वरही येईना.

"कोणीतरी हात लावा रे!" दात न उघडता ती ओरडली. पण त्यामुळे शब्द नीट कळले नाहीत, आणि सभेत अस्पष्ट बोलणं नोंदवून घेत नसत.

शेवटी दिवाण म्हणाले, "उगाच वाद नको. प्रत्यक्ष पाडसालाच विचारू, त्याला कोणी काढायचं ते."

ही सूचना सर्वांना मान्य झाली. पण झिपरूला आधी कोणी विचारायचं? सरकारनं की कंपनीनं? की कोणीच विचारू नये, त्यानं आपणहून सांगावं? मुंगूसशेठ काठाच्या टोकावर गेले. दिवाणांनी त्यांना ढकललं आणि महाराजांना पुढं आणलं. भाई मधे घुसले. "बाजूला व्हा, मी कोणाला बाजूला व्हा म्हणत नाही!" असं ते ओरडत होते. महाराजांना मागून काटा टोचला. महाराज दचकून उडाले आणि पुन्हा काठावर आदळले.

वाघाचं वजन, मुलांनो, कागदावर वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. काठ ढासळला.

धप्प, धप्प, धप्प, धप्प. महाराज, दिवाण, मुंगूसशेठ आणि भाई, चौघंही चिखलात.

महाराज नेमके झिपरूच्या पुढ्यात पडले. झिपरूच्या पुढच्या खुरांना सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी घट्ट लागलं. ती महाराजांची पाठ होती. कोंडाबाईनं जीव खाऊन हिसका दिला. झिपरूनं एक पाय महाराजांवर दिला, एक दिवाणांवर, एक शेठजींच्या डोक्यावर, आणि तो आईच्या पुढ्यात येऊन पडला. भाईंवर मात्र त्यानं पाय दिला नाही. तिथं काटे होते. आपण तत्त्वासाठी आपला वापर होऊ दिला नाही, असं भाईंनी लगेच जाहीर केलं.

कोंडाबाई झिपरूला चाटत सुटली. चिखलासकट चाटला. मग तिचं लक्ष त्या चौघांकडे गेलं. ती आई होती. तिनं वेलीचं टोक महाराजांपुढं टाकलं.

"धरा, महाराज. आम्ही दोघं ओढतो."

महाराज सभेत प्रथमच बोलले. "ओढ बाई," ते म्हणाले.

"थांबा महाराज!" दिवाण ओरडले. "प्रजेनं राजाला ओढलं तर सत्ता कोणाची राहिली?"

"आणि ही वेल कोणाच्या काठावरची?" मुंगूसशेठ म्हणाले.

"वर येणं हेच मुळी श्रेणीव्यवस्थेचं लक्षण आहे!" भाई म्हणाले.

चौघंही पोटापर्यंत आत गेले होते. वाद छातीपर्यंत येईतो कोंडाबाई थांबली. मग झिपरू म्हणाला, "आई, भूक लागली."

"तुमचं ठरलं की हाक मारा," ती म्हणाली, आणि लेकराला घेऊन कुरणाकडे गेली.

काठावरचे बाकीचे प्राणी मात्र उठले नाहीत. सभेला आत्ता कुठं रंग चढला होता.

यातून शिकायचं ते, मुलांनो, इतकंच.

तात्पर्य: राजे, विचारवंत आणि कंपन्या समाजाच्या उपयोगी पडतात. फक्त ते योग्य जागी पडले पाहिजेत.