अर्जुनाच्या पाल्याचा पुरावा

अर्जुन वृक्षाच्या पाल्यावर पोसलेली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, अळी ऐनाच्या पाल्यावरील अळीहून श्रेष्ठ असते, हे मी आजही जाहीरपणे सांगतो. ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी खुशाल चिमूरला यावे. मात्र सवड काढून यावे!

१९५७ साली याच प्रश्नावर माझ्या अंगणातील अर्जुनाचे प्राण टांगणीला लागले. माझे मेहुणे आणि शेजारी गुणवंतराव यांच्या कौलांवर त्याच्या फांद्या घासत, म्हणून ते कुऱ्हाड घेऊन आले. ज्या वृक्षावर असा कोसा होतो तो तोडणे रानटीपणाचे आहे, हे मी त्यांना इतके सविस्तर समजावले की, कंटाळून त्यांनी पैज मान्य केली. त्यांच्या ऐनावर त्यांच्या अळ्या, माझ्या अर्जुनावर माझ्या. ज्याच्या कोशांतून मोठे पतंग निघतील, त्याचे खरे; मी हरलो तर अर्जुन तुटणार. पंच माझी पत्नी इंदू. ती गुणवंतरावांची बहीण, त्यामुळे दोघांनाही ती आपलीच वाटे.

कावळे हाकलून माझा आवाज बसला, पण माझे कोसे कोंबडीच्या अंड्याएवढे झाले. त्यांचे सुपारीएवढे!

ठरल्या दिवशी पातळांनी झाकलेल्या, कोशांच्या दोन्ही टोपल्या ओसरीवर आल्या. माझ्या टोपलीत काहीतरी गुणगुणत होते. पतंग गुणगुणत नाहीत, ही शंका मी सभ्यपणे दाबली आणि पातळ उचलले. पिवळ्याधमक गांधीलमाश्या उधळल्या! त्यांनी आमच्या अळ्यांत केव्हाच अंडी घातली होती, आणि पिलांनी आतल्या आत अळ्या फस्त केल्या होत्या. ऐनाच्या टोपलीतही तोच प्रकार. फक्त माश्या मरतुकड्या.

गुणवंतराव रांजणाआडून म्हणाले, "जवाईबापू, हे काय पोसून राह्यले होते तुमी?"

मी जागचा हललो नाही. एक माशी मानेवर बसली होती, हेही एक कारण.

"माशीने अळी खाल्ली, अळीने पाला. ज्याचा पाला सकस, त्याची माशी धष्टपुष्ट. तुमच्या माश्या डासांच्या पंगतीत बसतील!"

"बोलनं पतंगाचं झालं होतं."

"पतंग मेला म्हणून पाला खोटा ठरत नाही."

दोघांनीही इंदूकडे पाहिले. तिने दोन्ही टोपल्या निरखल्या.

"मोठ्या तं ह्यांच्याच हायेत, दादा. कुऱ्हाड ठेव घरी."

मी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"पन पतंगच नाई निंगाले, तं पुढच्या साली अंडी कोन घालीन? झाडावर का तुमी चढसान?"

यावर माझ्यापाशी सडेतोड उत्तर आहे. त्याची वाक्यरचना अद्याप चालू आहे.