बाळंतिणीच्या घरावरचा ढग

आमच्या गावात दिवसभर घेतलेली उन्हाची ऊब रात्री आकाशाला परत द्यावी लागते, आणि कोणत्या घराने दिली नाही ते वरून उपग्रह पाहतो. मी कधी चुकलो नव्हतो. पण पौषात माझी लेक शेवंता माहेरी बाळंत झाली. पोर दिवस भरायच्या आधीच आली, ओंजळीत मावेल एवढी. अंग गार. मी खोलीची दारं-खिडक्या लावल्या आणि भिंतींनी घेतलेली ऊब आतच ठेवली.

सकाळी उपग्रह कचेरीतला देशमाने दारात.

"तात्या, तुमच्या घरातून रात्री वर काहीच आलं नाही. आभाळ निरभ्र होतं. मापात चूक नाही."

"पोरीला लागतेय ती."

"मान्य. पण ऊब पृथ्वीची आहे. एका घराने ठेवली की सगळी बेरीज बिघडते."

"मग पृथ्वीला सांग, थोडं थांब म्हणावं."

"तशी सोय नाही. आज ऊब सोडा, नाहीतर आमची माणसं छप्पर उतरवतील."

माझं डोकं सणकलं. या माणसाच्या अंगात स्वेटर, वर कोट, गळ्यात मफलर.

"आधी तुझी सोड," मी म्हणालो.

"अंगावरची धरत नाहीत," तो शांतपणे म्हणाला.

शेजारची भागाई शेगडी घेऊन परसात निघाली होती. शेवंताचं सगळं तीच बघते. ती थांबली.

"का हो साहेब, आभाळ आलं असलं तर काय करता?"

"ढगाखालचं माप धरत नाही. निरभ्र असेल तेव्हाचंच धरतो."

"असं होय? बसा मग."

तिने गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या. ज्या त्या बाईने आपली शेगडी आणली. पोरीला धूर नको म्हणून सगळ्या परसाच्या टोकाला मांडल्या आणि निखाऱ्यांवर बाळंतिणीच्या धुरीचा ओवा टाकला. धूर वर गेला आणि घरावर थांबला. छपराएवढा झाला, दाट झाला.

"हा ढग नाही, धूर आहे," देशमाने ओरडला.

"वर विचार," मी म्हणालो.

त्याने फोन लावला. ऐकून घेतलं. मफलर सैल केला.

"वरून ढगच दिसतोय. विझवा त्या शेगड्या!"

"जा, तूच विझव."

तो परसाकडे वळला. भागाई आडवी आली. बारशापर्यंत बाळंतिणीच्या परसात परका पुरुष जात नाही.

"टाका पाऊल, साहेब. आत लेकरू न्हातंय. तुमच्या आईलाही कळवते, कुठं शिरलात ते."

देशमाने माघारी फिरला. "ढग हटला की येतो."

"ये. टोपडं घेऊन ये."

बारसं झालं. पोर जगली. शेगड्या कधीच विझल्या, ढग मात्र हलला नाही. देशमाने रोज कोपऱ्यावर येतो आणि मान वर करून उभा राहतो. मी त्याला पाणीसुद्धा विचारत नाही.